मैनेच्या अकरा फळ्या

"ठरलं! उद्या चिंबोऱ्या, परवा खाडीत पोहायचं, आणि शनिवारी 'मैने'तून पहिली फेरी!" आदेशने तीन बोटं नाचवत सुट्टीचा कार्यक्रम जाहीर केला.

"पहिली फेरी आमच्या शाळेतल्या बारा पोरांची आहे," समीक्षा म्हणाली. "तू पडलास रोह्याच्या शाळेतला. तू धक्क्यावरून टाटा करायचास!"

"अगं, मी केरू सुताराचा नातू! मला कोण अडवणार?"

"केरू सुताराची नात!"

दोघंही खदखदून हसली. आदेश वरशाचा, म्हणजे रोह्याच्या अगदी शेजारच्या गावातला. दर मे महिन्यात तो पेणला मामाकडे यायचा. यंदा मामाच्या गावात आंबे आणि चिंबोऱ्यांखेरीज आणखी एक गोष्ट होती. मैना!

मैना म्हणजे छत्तीस फुटांची, शिडाची लाकडी यॉट. ऐंशी वर्षांपूर्वी बांधलेली. एके काळी तिने मुंबईच्या बंदरात शर्यती जिंकल्या होत्या. मग मालक म्हातारे झाले, वारले, आणि मैना इथे अंतोऱ्याच्या खाडीत अठरा वर्षं तिवरांच्या चिखलात कलंडून पडली. पोरं तिच्यावरून उड्या मारायची, जाळीवाले तिला दोर बांधायचे. गेल्या वर्षी मालकांची नात ऋतुजामॅडम आल्या. हिला पुन्हा पाण्यात घालायची, म्हणाल्या. पण अशा नौकेचं काम जाणणारा एकच माणूस या पट्ट्यात उरला होता. समीक्षाचे आजोबा, केरू सुतार.

आजोबांनी मैनेची एकेक फळी उतरवली. प्रत्येक फळी ठोकून, वास घेऊन पाहिली. कुजलेल्या फळीवर ते पटाशीने फुली मारायचे, चांगल्या फळीच्या पाठीवर नंबर कोरायचे. डाव्या अंगाची असेल तर 'डा', उजव्या अंगाची असेल तर 'उ'. समीक्षा आधी खडूने लिहायची, मग आजोबा त्यावरून कोरायचे. नौकेच्या फासळ्या नव्या झाल्या, वरच्या फळ्या परत बसल्या आणि नेमकं तेव्हाच आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. आधी एक डोळा, मग दुसरा. दोन महिने धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही! राहिलेलं काम समीक्षाच्या पप्पांनी, म्हणजे निलेशनी सांभाळलं. आता मैना पांढऱ्याशुभ्र रंगात गाड्यावर उभी होती. येत्या शनिवारी, पौर्णिमेच्या उधाणाला ती पाण्यात उतरणार होती.

"समी! समी गो!"

बांधावरून वनिता धावत येत होती. समीक्षाच्याच वर्गातली. बांधापलीकडच्या वाडीवर तिचं घर. चिंबोरीच्या बिळात हात घालताना कधी न घाबरणाऱ्या वनिताचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या बाला चोर म्हनतात! चल लवकर!"

शेडसमोर माणसं जमली होती. मधोमध वनिताचे वडील, वाळू, मान खाली घालून उभे. मैनेच्या कामावर ओझी वाहायला ते पहिल्या दिवसापासून होते. त्यांच्या पायाशी एक अर्धवट जळालेला लाकडाचा तुकडा पडला होता.

"मॅडम, अकरा जुन्या फळ्या गायब झाल्या होत्या ना? हा बघा चोर!" कंत्राटदार मिथुन तावातावाने बोलत होता. "याच्या चुलीत सापडलं हे! बर्मी साग जाळून भात शिजवतायत! म्हणून तर आम्हाला त्या जागी नवा साग आणून बसवावा लागला."

"ह्यो तुकडा मला दिल्याला हाय," वाळू म्हणाले. "निलेशभाऊनीच दिलता. जळनाला ने, म्हनाले."

सगळ्यांच्या नजरा पप्पांकडे वळल्या. पप्पा मोबाइलमध्ये बघत होते.

"मला नाय आठवत," ते वर न बघता म्हणाले.

ऋतुजामॅडम पुढे आल्या. "मला पोलिसांचं प्रकरण नकोय," त्या म्हणाल्या. "पण उद्यापासून हे इथे दिसायला नकोत."

वाळूंनी खांबाला अडकवलेली आपली पिशवी घेतली आणि ते बांधावरून चालू लागले. कुणीही त्यांना हाक मारली नाही. माणसं पांगल्यावर समीक्षाने तो जळका तुकडा उचलला आणि उलटा केला.

"आदेश, हे बघ! फुली!"

काजळीखाली पटाशीची फुली स्पष्ट दिसत होती. नखाने दाबलं तर लाकडाचा भुगा पडत होता.

"हे तर कुजकं लाकूड!" आदेश ओरडला. "चोरीला गेल्या त्या चांगल्या फळ्या!"

समीक्षा तुकडा घेऊन धावली. "पप्पा, यावर आजोबांची फुली आहे! वाळूकाका खरं बोलतायत!"

"मोठ्या माणसांच्या मधी पडू नको," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका कोरडा होता की समीक्षा जागच्या जागी थांबली.

दुपारी तिघं वनिताच्या वाडीवर, चिंचेखाली बसली. घरात वनिताची आई, कमळी, भांडी घासत होती. रोज ती या पोरांना काहीतरी खायला द्यायची. आज तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"आमचं घर बघ," वनिता म्हणाली. "वीस फुटी फळी चोरून ठेवायची कुठं? घर बारा फुटाचं! आठ फूट बाहेर लोंबतील!"

आदेशला हसू आलं आणि लगेच त्याने ते गिळलं.

"अकरा फळ्या डोक्यावरून नेता येत नाहीत," समीक्षा म्हणाली. "टेम्पो लागणार. आणि असलं लाकूड जाळायला कोण नेईल? फर्निचरवाल्यालाच ते हवं असणार."

"थांब! थांब! थांब!" आदेश ताडकन उभा राहिला. "आमच्या वरशात एक नवा कारखाना झालाय. जुन्या लाकडाची टेबलं बनवतात, कोलाडच्या हॉटेलांना देतात. मी एक टेबल बघितलंय. त्याच्यावर ओळीने गोल गोल ठिगळं होती, एका मापाच्या अंतरावर! मला वाटलं, डिझाइन आहे!"

समीक्षाचे डोळे चमकले. मैनेच्या फळ्या फासळ्यांना तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेल्या असत आणि प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर लाकडाची गोल गुडदी बसवलेली असे. एका ओळीत. एका मापाच्या अंतरावर.

"उद्या आत्याकडे जायचं!" ती म्हणाली. "आपण तिघं! चोर पकडायचा आणि वाळूकाकांना कामावर परत आणायचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिघं रोह्याला उतरली आणि चालत वरशाला गेली. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. आत करवत किंचाळत होती. दारात एक मिस्त्री चहा पीत उभा होता.

"काय पाहिजे?"

"शाळेचा प्रकल्प आहे!" आदेशने ठोकून दिलं. "जुन्या वस्तूंचा पुनर्वापर! आम्ही बघू का? हात लावणार नाही, आईशप्पथ!"

"सुट्टीत प्रकल्प?"

"आमच्या बाई फार कडक आहेत!"

मिस्त्री हसला आणि बाजूला झाला. तिघं आत शिरली. भिंतीला लांब फळ्या टेकवून ठेवल्या होत्या. मधासारख्या रंगाच्या, मधोमध किंचित वळलेल्या. समीक्षाला त्या लांबूनच ओळखू आल्या. ती एका फळीमागे वाकली आणि तिने पाठीवरून बोट फिरवलं. डा ७. शेजारची, डा ८. 'डा'चा काना जरा तिरका. तो तिनेच खडूने तिरका काढला होता आणि आजोबांनी तसाच कोरला होता.

"सापडल्या!" ती कुजबुजली. "वनिता, सापडल्या गो!"

आदेशने गुपचूप मोबाइल काढून फळ्यांचे आणि नंबरांचे फोटो घेतले. वनिताने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तिचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात मिस्त्री आत आला. "कुठली तुम्ही पोरं? पेणची का?" समीक्षाने मान हलवली तसा तो म्हणाला, "मग निलेशभाऊंना सांगाल का? म्हणावं, राहिलेल्या दोन फळ्या कधी आणताय? दोन महिने झाले, टेम्पो पाठवतो म्हणाले नि पत्ताच नाही!"

करवत थांबली होती.

"कोण निलेशभाऊ?" आदेशने विचारलं.

"केरू सुताराचा मुलगा. मोठा भला माणूस."

परतीच्या एसटीत तिघं एका बाकावर बसली होती. नागोठणं आलं, गेलं. मामाने आपल्याला पोहायला शिकवलं, सायकल शिकवली, हे आदेशला आठवत असणार. तो खिडकीबाहेर बघत होता आणि पुन्हा पुन्हा नाक पुसत होता.

"तू आता काय करशील?" शेवटी वनिताने विचारलं.

"आधी पप्पांशी बोलते. ते स्वतःहून सांगतील. नक्की सांगतील!"

"आनि नाय सांगितलं तर?"

पेणला उतरल्यावर वनिता तिच्याबरोबर न चालता दहा पावलं पुढे चालत राहिली.

पप्पा घरामागे गाडी धूत होते. समीक्षाने एका दमात सगळं सांगितलं. कारखाना, डा ७, मिस्त्री. पप्पांनी नळ बंद केला. त्यांनी नाकारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. पण त्यांनी नाकारलं नाही.

"मिथुन म्हनाला, रंगाखाली सगळं लाकूड सारखंच," ते म्हणाले. "मॅडमला त्यातलं काय कळतंय? वर्षातून चार वेळा फिरवतील, फोटो काढतील."

"मग आता तिथे कसलं लाकूड लावलंय?"

"हाय कसलं तरी जंगली. वरून पुट्टी हाय, रंग हाय. काय व्हत नाय."

"आणि वाळूकाका?"

"वाळू दुसरीकडं जाईल कामाला. त्यांना सवय असते."

समीक्षाने आपल्या पप्पांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं असेल, तिचं लक्ष गेलं नसेल.

"पप्पा, त्यात बारा पोरं बसणार आहेत!"

पप्पा खाली बसले. "मी मिथुनशी बोलतो. शनिवारचं पुढं ढकलतो, फळ्या बदलतो. पन आज्याला सांगू नको. डाक्टर काय म्हनालाय? डोळ्यावर ताण नको, मनाला धक्का नको. त्याला काय झालं तर तुझ्यामुळं होईल, समजलं?"

समीक्षाने मान डोलावली. तिला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता.

बुधवार गेला. गुरुवार गेला. गुरुवारीच वाळू गाव सोडून अलिबागकडे कुठल्याशा बांधकामावर निघून गेले. आजूबाजूला त्यांना कुणी उभं करत नव्हतं. शुक्रवारी सकाळी धक्क्यावर मांडव चढला, खुर्च्या आल्या. पुढे ढकलल्याची खूण कुठेच नव्हती. समीक्षाने आजोबांच्या पेटीतला टोचा घेतला, मैनेच्या पोटाखाली शिरली आणि रंगावर टोचा ठेवून दाबला. वरच्या फळीत तो रुतेना. खालच्या फळीत मात्र मुठीपर्यंत आत गेला, जसा पिकल्या फणसात जावा!

ती तशीच घरी आली. आजोबा ओटीवर काळा चष्मा लावून बसले होते.

"आजोबा, होडी गळते का, हे ती पाण्यात घालायच्या आधी कळतं?"

"कळतं की!" आजोबा खूश झाले. दोन महिन्यांत त्यांना कामाचं कुणी काही विचारलं नव्हतं. "आमी आधी होडीत पानी भरायचो. ढोपरभर. आतलं पानी बाहेर येतं का बघायचं. जुनी फळी जरा पाझरते, मग फुगते नि गप बसते. खोटी फळी असली तर धार लागते. मैनेचं निलेशनं केलंच असंल. त्याला मीच शिकवलंय."

त्या क्षणी समीक्षाला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण आजोबांनी चष्मा काढून डोळे टिपले, ते लाल होते, आणि तिला धीर झाला नाही.

तिने आदेशला गाठलं. मग दोघं वाडीवर गेली. वनिता दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"पप्पांनी काहीच केलं नाही," समीक्षा म्हणाली. "उद्या आपण करायचं. सगळ्यांसमोर. तू येशील?"

"तुझा बाप पकडला जाईल."

"हो."

वनिताने तिच्याकडे निरखून पाहिलं. "काय करायचं, सांग," ती म्हणाली.

शनिवार उजाडला. भरती दुपारी एकची. बारा वाजता मांडव फुलून गेला. बँजो पार्टी वाजत होती. सरपंच होते, मुख्याध्यापक होते, मॅडमचे मुंबईचे पाहुणे होते. पहिल्या रांगेत काळ्या चष्म्यात आजोबा, डोक्याला फेटा. शाळेतली बारा पोरं नारिंगी जॅकेटं घालून रांगेत उभी होती. जॅकेटं मापाला मोठी होती, दोघातिघांची तर गुडघ्यापर्यंत येत होती.

भाषणं सुरू झाली आणि मोहीमही सुरू झाली!

आदेशने मिथुनला गाठलं. "काका! काका! तुमची मुलाखत! आमच्या शाळेच्या चॅनेलसाठी!"

"माझी?" मिथुनने लगेच केसांवरून हात फिरवला.

"मैनेचे खरे शिल्पकार तुम्हीच ना! इकडे या, इकडे उजेड चांगला आहे. तिकडे नको, पाठ करा त्या बाजूला. हां! सुरुवात लहानपणापासून करा!"

वाडीच्या लोकांना फाटकावरच थांबवलं होतं. वनिता फाटकाने आलीच नाही. ती खाडीच्या चिखलातून आली, मागच्या बाजूने, मांड्यांपर्यंत बरबटलेली. समीक्षाने बोअरच्या मोटरचा दोन इंची पाइप मोठ्या बॅनरमागून ओढत आणला. वनिता शिडीवरून वर चढली, पाइपचं तोंड घेऊन मैनेच्या पोटात उतरली. समीक्षाने मोटरच्या खटक्यावर बोट ठेवलं.

मांडवात पप्पा कोपऱ्यात उभे होते. ते पोरांच्या रांगेकडे बघत होते. अजूनही वेळ होता. पप्पा, बोला ना, ती मनात म्हणाली. एक पाऊल पुढे या आणि बोला! पप्पांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली आणि ते होते तिथेच राहिले.

समीक्षाने खटका दाबला.

बँजोच्या आवाजात मोटरचा आवाज बुडून गेला. सरपंच खाडीच्या इतिहासावर बोलले. मुख्याध्यापक त्याहून लांब बोलले. या लांबलचक भाषणांचा समीक्षाला जन्मात पहिल्यांदाच आनंद झाला! पंधरा मिनिटं झाली. मैनेच्या आतून तीन ठोके आले. पाणी ढोपराला लागलं होतं.

आधी पांढऱ्या रंगावर घामासारखे थेंब फुटले. मग एका सांध्यातली पुट्टी फुगली, लोंबली आणि थपकन खाली पडली. मग दुसरी! मग तिसरी! बघता बघता मैनेच्या दोन्ही अंगांनी धारा लागल्या!

"अरे पाणी! पाणी!" कुणीतरी ओरडलं. बँजो थांबला. खुर्च्या सरकल्या. मिथुन बालपण अर्धवट टाकून धावत आला. "मोटर बंद करा! कोण आहे रे तिकडे? ही कुणाची पोरं?"

"बंद नका करू!" समीक्षा खटक्याला पाठ लावून उभी राहिली. "सगळ्यांनी बघा! धार लागलीय ना, तेवढ्याच अकरा फळ्या खोट्या आहेत! आजोबांनी बसवलेली एकही फळी गळत नाहीये! खऱ्या फळ्या वरशाच्या कारखान्यात आहेत, आम्ही बघितल्यात, त्यांच्यावर नंबर आहेत!"

"फोटोपण आहेत!" आदेशने मोबाइल उंच धरला. "आणि मुलाखतही चालूच आहे, काका!"

मिथुन समीक्षाच्या अंगावर धावला. पण मधे एक माणूस उभा राहिला. आजोबा. त्यांनी मिथुनकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ मैनेपाशी गेले, ओल्या फळीवर तळवा ठेवला, अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्यांनी तो बाहेर काढून नाकाशी धरला.

"निलेश?" ते म्हणाले.

पप्पांच्या हातातला रुमाल खाली पडला.

"तू बसवलीस?"

"बाबा, मी..." पप्पा एवढंच बोलले.

मग एकच गलका झाला. मॅडम बारा पोरांची जॅकेटं स्वतःच्या हाताने सोडवू लागल्या. सरपंचांनी पोलिसांना फोन लावला. मिथुनसाठी आणलेला हार मुख्याध्यापकांनी समीक्षाच्या गळ्यात घातला. "शाब्बास! बारा जीव वाचवलेस! शाळेचं नाव उज्ज्वल केलंस!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरांच्या आया समीक्षाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. त्यांच्या डोक्यांवरून तिला दिसत होतं, पप्पा एका खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. समीक्षाची आई सरू थोडी दूर पदर तोंडाला लावून उभी होती.

चिखलाने आणि पाण्याने निथळणारी वनिता मंचाच्या पायरीपाशी आली.

"माझ्या बाचं नाव घ्या," ती म्हणाली. "माइकवर. त्यानं चोरी केली नाय, असं सांगा."

"हो हो, घेऊ की, बाळ!" सरपंच म्हणाले आणि मॅडमच्या सत्काराची शाल शोधू लागले.

"आता घ्या!"

सरपंचांनी ऐकलं नाही. आजोबांनी ऐकलं. सत्तर वर्षांत कधी मंचावर न चढलेले आजोबा पायऱ्या चढले. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला, जणू तो निसटून जाईल.

"वाळूनं चोरी केली नाय," ते म्हणाले. "माझ्या मुलानं केली. वाळूला चोर म्हटलं तवा मी घरी होतो. मला कळलं, तरी मी उठून आलो नाय. वाळू, तू असशील तिथं..." त्यांनी गर्दीकडे पाहिलं. "तू नायस इथं. पन कमळीबाय, तू ऐक. आमचं चुकलं."

फाटकाबाहेर, वाडीच्या माणसांत, कमळी उभी होती. तिने पदर सावरला. थोड्या वेळाने ती वळली आणि बांधावरून घरी निघून गेली.

आठवड्याने पेपरात बातमी आली. 'चिमुकल्यांच्या धाडसाने दुर्घटना टळली'. समीक्षाचं नाव होतं, आदेशचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'व त्यांची एक मैत्रीण'. आईने तो पेपर वाचला नाही, घडी करून फडताळात ठेवला. मिथुन कोठडीत होता. पप्पांनी कबुलीजबाब दिला, त्यांना जामीन मिळाला. ते घरी आले नाहीत. हमरापूरला गणपतीच्या एका कारखान्यात मूर्ती घासायचं काम त्यांनी धरलं आणि तिथेच राहायला लागले. त्यांना परत ये म्हणायचं की नाही, यावर घरात कुणी बोलत नसे. आदेश सुट्टी अर्धी टाकून वरशाला गेला. जाताना त्याने समीक्षाला टाळी दिली, पण तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

वरशाहून पोलिसांनी सात फळ्या परत आणल्या. दोन फळ्या मैनेच्याच शेडच्या माळ्यावर सापडल्या. राहिलेल्या दोन फळ्यांची टेबलं झाली होती.

"मैनेला दुसरीकडे न्यायचा सल्ला दिलाय मला सगळ्यांनी," ऋतुजामॅडम आजोबांना म्हणाल्या. "पण मी नेत नाही. तुमची नात जिथे आहे तिथे मी माझी नौका ठेवीन." त्यांनी समीक्षाच्या खांद्यावर हात ठेवला. फाटकापाशी त्या थांबल्या. "त्या वाळूंचा फोन नंबर आहे का कुणाकडे?" त्यांनी विचारलं. नंबर समीक्षाकडेही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी कामाला सुरुवात केली. डॉक्टरांची परवानगी अर्ध्या दिवसाची होती. ते मैनेच्या पोटाशी बसले आणि समीक्षा हत्यारं हातात देऊ लागली. पहिली खोटी फळी सोडवायला फारसं बळ लागलं नाही.

"आजोबा," तिने विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावलात?"

आजोबांनी पटाशी खाली ठेवली.

"तू केलंस ते बराबर केलंस," ते म्हणाले. "माझ्या हातानं घडवलेल्या कुठल्या होडीचा मला एवढा अभिमान वाटला नसंल. पन मला बरं वाटत नाय, पोरी. ते तुला खोटं सांगनार नाय."

"मलापण नाही वाटत."

"मग बस माझ्याजवळ."

फाटकाशी कुणीतरी उभं होतं. वनिता. हातात चिंबोऱ्यांची टोपली. समीक्षा धावतच गेली.

"आत ये ना! आजोबा फळ्या काढतायत. तू पण ये!"

वनिताने मैनेकडे पाहिलं, मग शेडच्या खांबाकडे. तिने टोपली समीक्षाच्या हातात दिली.

"आयनं दिल्यात. आज्याला," ती म्हणाली. "मी आत नाय येनार. बा येईल, तवा येईन."

"कधी येणार ते?"

"फोन लागला व्हता काल. म्हनाला, बघू."

ती बांधावरून परत निघाली. समीक्षाने तिला पुन्हा बोलावलं नाही. टोपलीतल्या चिंबोऱ्या एकमेकींवर चढत होत्या, पडत होत्या. ती आजोबांपाशी येऊन बसली आणि पुढच्या फळीचे खिळे उपसायला तिने अंबूर हातात घेतला.